आत्याने टेप सैल धरली होती

"केडियूवाला" (केडियू म्हणजे गरब्यात मुलगे घालतात तो आखूड घेरदार कुडता) अशी सही करून आलेलं एक पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, मी 19 चा, एम. एस. युनिव्हर्सिटीत एसवाय बीकॉमला, घर बडोद्यात, दांडिया बाजारात. जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलंय पण मी मुलगा आहे, हे मला सातवीपासून माहीत आहे. घरी आई, बाबा, आजी, कुणालाच सांगितलेलं नाही. मी घरात मुद्दाम गुजरातीत बोलतो, 'हुं जाउं छुं' म्हटलं की त्यात मुलगा की मुलगी ते कळत नाही, मराठीत 'जातो' म्हणू की 'जाते' इथेच माझी गाडी अडकते. आई म्हणते मराठी विसरायला लागलीस. छातीला क्रेप बँडेज गुंडाळतो. यंदा, 2024 च्या नवरात्रात, आत्याने शिवलेलं केडियू घालून गरबा खेळलो आणि सातव्या रात्री चक्कर येऊन पडलो. आता दिवाळीच्या सुट्टीत छातीचं ऑपरेशन उरकून टाकायचंय, घरी सांगणार मित्रांबरोबर माउंट आबूला चाललोय. ट्यूशनचे 70 हजार साठलेत. जिममधला एक जण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणून देतो म्हणतोय, ते लगेच चालू करू का? आईबाबांची सही लागते का? किती दिवसांत बरा होईन? आणि ऑपरेशन केल्याशिवाय कायद्याने मुलगा होता येत नाही हे खरंय का? माझा एक मित्र 16 चा आहे, त्यालाही हेच सगळं करायचंय."

केडियूवाल्या,

आधी ते बँडेज काढ. आत्ताच, पुढचं वाचायच्या आधी. मी 26 वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, क्रेप बँडेज किती जणांना बांधलं त्याचा हिशेब नाही, पण ते मुरगळलेल्या पायाला बांधायचं असतं, छातीला नाही. ते ताणून बांधलं की आवळतच जातं, तू श्वास सोडलास की ते तेवढ्यावर पकडून बसतं आणि पुढचा श्वास आणखी छोटा होतो. आणि त्यात गरबा, तोही बडोद्याचा, तास तास गोल फिरायचं आणि ताल चढतच जातो, चक्कर आली नसती तरच नवल. ट्रान्स, म्हणजे तुझ्यासारख्या, मुलांसाठी बाइंडर मिळतात, छाती सपाट दिसावी म्हणून घालायचे घट्ट बनियन, ऑनलाइन, आपल्या मापाचाच घ्यायचा, घट्ट बसावा म्हणून एक साइज लहान मागवायचा शहाणपणा नको. तोपर्यंत स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल शर्ट. बाइंडरसुद्धा दिवसात आठ तासांच्या वर नाही, झोपताना नाही, नाचताना तर नाहीच. आणि खोल श्वास घेतला की फासळीत एका जागी टोचतंय असं असेल तर छातीचा एक्सरे काढून घे. डॉक्टरने विचारलं काय झालं तर चक्कर येऊन पडलो म्हण, ते खरंच आहे.

आता इंजेक्शन. जिमवाल्याला सरळ नाही म्हण. त्या बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं, आणि असलं तरी तो डोस दंड फुगवणाऱ्यांचा, तुझा नव्हे. टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे पुरुषी हॉर्मोनने, हिमोग्लोबिन वाढतं, जास्त वाढलं तर रक्त दाट होतं आणि गुठळीची भीती, म्हणून ते चालू करायच्या आधी सीबीसी, लिव्हर, लिपिड वगैरे रक्ताच्या तपासण्या करतात आणि पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी परत बघतात. हे काम एंडोक्रिनॉलॉजिस्टचं, हॉर्मोनच्या डॉक्टरचं. पाळी बहुतेक वेळा काही महिन्यांत थांबते, पण पाळी थांबली म्हणजे दिवस राहूच शकत नाहीत असं नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटेल का, अंडी काढून ठेवायची का, हेही औषध चालू व्हायच्या आधी विचारून घ्यायचं, 19 व्या वर्षी हा प्रश्न येडपटासारखा वाटतो ते मला कळतं, तरी विचार.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आवाज. तो एकदा फुटला की फुटला, औषध बंद केलं तर पाळी परत येते पण आवाज परत जात नाही, दाढी पण पूर्ण जात नाही. तुला ते हवंच आहे, ठीक आहे, मग डॉक्टरकडून घे. पण चोरून घेतलंस तर काही महिन्यांनी घरी कळणारच आहे, आणि ते तुझ्या तोंडून नाही तुझ्या घशातून कळेल. तेव्हा गुजरातीसुद्धा कामाला येणार नाही बाबा.

तुला वाटतंय हॉर्मोन घेतल्याशिवाय ऑपरेशन होत नाही, म्हणून ही घाई. तसं नाहीये. ट्रान्स लोकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जगभरची एक संघटना आहे, डब्ल्यूपॅथ, तिचे नियम बहुतेक सर्जन धरून चालतात, त्यांची आठवी आवृत्ती 2022 ला आली. छाती सपाट करायच्या ऑपरेशनला आधी हॉर्मोन घेतलेच पाहिजेत असं त्यात नाही. अंडाशय काढायचं असेल तर निदान सहा महिने हॉर्मोन झालेले असावेत असं म्हटलंय, पण तो पुढचा विषय, आणि तो कधीच करायचा नसेल तरी चालतं. कितीतरी ट्रान्स पुरुष छातीवरच थांबतात, काही तेही करत नाहीत.

ऑपरेशनच्या आधी लागतं ते सायकियाट्रिस्टचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र. नव्या नियमात एक पत्र पुरतं, आपल्याकडे बरेच सर्जन अजून दोन मागतात, मागितली तर दे, वाद घालत बसू नकोस. ते एका बैठकीत मिळेल असं धरू नकोस. ते विचारतात कधीपासून वाटतं, घरी कोण आहे, झोप कशी आहे, ऑपरेशनकडून काय अपेक्षा आहे, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलंय का. पाठ करून जाऊ नकोस. मित्रांनी सांगितलेली "बरोबर उत्तरं" घेऊन आलेली पोरं डॉक्टरला लगेच कळतात आणि मग चार बैठका जास्त होतात. तू वेडा आहेस का हे ते बघत नाहीत, डब्ल्यूएचओच्या नव्या यादीत, आयसीडी 11 मध्ये, हे मानसिक आजारांतून काढलेलंच आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. आणि कुणी डॉक्टर म्हणाला की मी तुला "बरी" करून देतो, तर उठून ये. तसले उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना लिहून कळवलंय.

सहीचं उत्तर सोपं आहे. तू 18 च्या पुढचा आहेस, सही तुझी तू करायची. पण हॉस्पिटल विचारणार बरोबर कोण आहे, रात्री थांबणार कोण, रक्त लागलं, औषध आणायचं झालं तर धावणार कोण. सगळी हॉस्पिटलं विचारतात, अपेंडिक्सलाही विचारतात. आणि तुझ्या पूर्ण प्लॅनमध्ये ह्या प्रश्नाला उत्तरच नाहीये. सर्जन, पैसे, सुट्टी, माउंट आबू, सगळं आहे, माणूस नाही.

मी तुला त्या ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस सांगते, कारण युट्यूबवर पोरं शर्ट काढून दाखवतात ते सहा महिन्यांनंतरचं असतं. छाती मोठी असेल तर बहुतेक वेळा खालून दोन आडव्या चिरा देतात, आतला भाग काढतात, निपल लहान करून वर परत बसवतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. छाती लहान असेल तर निपलच्या कडेने छोट्या चिरेतून भागतं, ते सर्जन बघून ठरवतो. दोन्ही बाजूंना काखेखालून एकेक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला प्लास्टिकची डबी, त्यात लालसर पाणी साठत राहतं. ते दिवसातून दोनदा रिकामं करायचं, किती एमएल आलं ते वहीत लिहायचं, पाणी कमी झालं की नळी निघते, साधारण आठवडाभर धर, कधी जास्त. वरून घट्ट जॅकेट, ते चार-सहा आठवडे. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. म्हणजे काय ते कळतंय ना? तुमच्याकडे बादलीत पाणी काढून आंघोळ असेल, तर तांब्या डोक्यापर्यंत जात नाही. बादली उचलायची नाही. टीशर्ट डोक्यातून घालता येत नाही, पुढून बटणाचाच शर्ट. ॲक्टिव्हा काही आठवडे बंद. कुशीवर झोप नाही, पाठीवर उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. आणि सिगरेट ओढत असशील तर महिना-दीड महिना आधीपासून पूर्ण बंद, निकोटीनने रक्त नीट पोचत नाही आणि ग्राफ्ट काळा पडतो, सर्जनशी ह्या बाबतीत खोटं बोलणारे मी पाहिलेत, त्यांचं ड्रेसिंग करणं मला अजून आठवतं.

आता सांग, माउंट आबूहून आलेला हा मुलगा दांडिया बाजारातल्या घरात, जिथे आजी दर तासाला "जेवलीस का" म्हणून डोकावते, तिथे दोन नळ्या लपवणार कुठे?

म्हणून ही दिवाळी विसर. दोन आठवड्यांत तसंही होत नाही, पत्र, तपासण्या, सर्जनची भेट, काहीच बसत नाही, आणि जो म्हणेल की बसवतो त्याच्याकडे जाऊ नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत पण नको, बडोद्याच्या मे महिन्यात ते जॅकेट घालून बसणं म्हणजे शिक्षा आहे. माझं ऐकशील तर 2025 ची दिवाळी होऊ दे आणि परीक्षा बघून थंडीतली तारीख घे. त्या उत्तरायणला पतंग मिळणार नाही, ते आधीच सांगून ठेवते, हात ताणून मांजा ओढलास तर टाके आणि व्रण दोन्ही ताणले जातात. गच्चीवर खुर्ची टाकून बस, उंधियू खा, फिरकी पकड.

हे वर्ष मोकळं नाहीये मात्र. कागद आधी करून घे. तुला कुणी सांगितलं की ऑपरेशनशिवाय कायदा मानत नाही, ते 2014 च्या आधीचं बोलणं आहे. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये सांगितलं की आपण कोण हे ज्याचं त्याने सांगायचं आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदेशीर आहे. मग ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचा 2019 चा कायदा आला, 2020 चे नियम आले. त्याप्रमाणे, 2024 मध्ये तरी, ट्रान्सजेंडर लोकांसाठीच्या नॅशनल पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, सोबत ॲफिडेविट, कलेक्टर 30 दिवसांत सर्टिफिकेट आणि ओळखपत्र देतो, डॉक्टरी तपासणी नाही. ते डाउनलोड होतं, म्हणजे पोस्टमन घरी पाकीट घेऊन येत नाही, तुझ्यासाठी हे महत्त्वाचं. त्यावर ट्रान्सजेंडर असं येतं. "पुरुष" असं हवं असेल तर पुढे दुसरा अर्ज करायचा, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लावून. आणि त्या 2020 च्या नियमांत वैद्यकीय उपचार म्हणजे फक्त ऑपरेशन असं म्हटलेलं नाही, त्यात काउन्सेलिंग आणि हॉर्मोनही धरलेत. कायद्याच्या गोष्टी बदलत असतात, तर फॉर्म भरशील त्या दिवशी पोर्टलवर लिहिलेलं स्वतः वाच, मित्राने सांगितलेलं नको.

सर्टिफिकेट आधी का, तर दोन कारणं. एक म्हणजे पैसे. 70 हजारांत प्रायव्हेटमध्ये हे ऑपरेशन होत नाही, लाखाच्या वर जातं, आणि सर्जनची फी वेगळी, भूल वेगळी, रूम वेगळी, जॅकेट वेगळं, शिवाय नंतर काही दुरुस्ती लागली तर ते वेगळं, त्यामुळे एस्टिमेट लेखी घ्यायचं, त्यात हे सगळं आहे का बघायचं. सर्टिफिकेट असलं तर आयुष्मान भारतची ट्रान्सजेंडर लोकांसाठीची योजना आहे, 2022 च्या ऑगस्टमध्ये करार झाला, वर्षाला 5 लाखांपर्यंत, त्यात हे ऑपरेशनही धरलंय. कागदावर चांगली आहे. कुठल्या हॉस्पिटलात प्रत्यक्ष चालते ते मात्र जायच्या आधी फोन करून, शक्यतो दोनदा, विचार. तुझे 70 हजार सायकियाट्रिस्ट, तपासण्या आणि येण्याजाण्यासाठी राहू दे, ते त्यातच संपतील.

दुसरं कारण नाव. हे मी माझ्या अंगावरचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिथे होते तिथे एक ट्रान्स बाई पोटदुखीने आली, अपेंडिक्स होतं. पुरुष वॉर्ड म्हणे आमच्याकडे नको, बायकांचा वॉर्ड म्हणे आमच्याकडे कशी ठेवणार, दोन तास स्ट्रेचर कॉरिडॉरमध्ये, येणारा जाणारा बघतोय. आणि मी केसपेपर हातात घेऊन त्यावरचं पुरुषी नाव खणखणीत आवाजात पुकारलं, एकदा नाही तीनदा. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्या वेळी वाटलं ऐकू येत नसेल. तर सर्जनला पहिल्याच भेटीत विचारायचं की ॲडमिट कुठल्या वॉर्डात करणार, फाइलवर नाव कुठलं, सिस्टर हाक कुठल्या नावाने मारणार. चांगला सर्जन चिडत नाही. आणि चिडला तर बरंच झालं, आधीच कळलं.

तुझ्या 16 वर्षांच्या मित्राला सांग की 18 च्या आधी ऑपरेशन नाही. आईबापांना बाजूला ठेवून त्या वयात काहीच होत नाही, सर्टिफिकेटचा अर्जसुद्धा पालकांनी करायचा असतो. त्याला आत्ता केस कापायचेत, नाव बदलून बघायचंय, एखाद्या चांगल्या काउन्सेलरशी बोलायचंय, ते सगळं करता येतं आणि त्यातलं काहीही परत फिरवता येतं. बँडेज तोही बांधत असेल, त्यालाही ओरड.

घरातून काढलं तर काय, हे तू विचारलं नाहीस पण ती भीती ओळीओळीत आहे. 2019 च्या कायद्यात आईबापाच्या घरात राहायचा हक्क लिहिलेला आहे, पण भांडण पेटलेल्या रात्री कायदा कोण वाचतो, म्हणून हेही माहीत असू दे की गरिमा गृह नावाचा सरकारी आसरा ट्रान्स लोकांसाठी 25 नोव्हेंबर 2020 ला, पोर्टल चालू झालं त्याच दिवशी, आपल्या बडोद्यातच उघडला, लक्ष्य ट्रस्टच्या बरोबरीने. ही संस्था राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांची. वेळ यायच्या आधीच एकदा चौकशी करून ठेव, तिथे तुझ्यासारख्यांशी बोलायची सवय असलेली माणसं भेटतील.

आता केडियू. तुझ्या पत्रातला एक भाग मी वर मुद्दाम छापला नाही. तू लिहिलंयस की आत्या मांजलपूरला घरीच शिवणकाम करते, ती म्हणाली यंदा तुला चणियाचोळी नको असेल तर केडियू शिवते, तू काही बोलायच्या आधीच. माप घेताना टेप छातीवरून गेली, बँडेज हाताला लागलं असणार, ती एक क्षण थांबली, मग टेप सैल केली, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली, "जरा मोकळंच ठेवते, नाचताना श्वास लागेल." आणि तू पुढच्याच ओळीत लिहितोस की घरात मला समजून घेणारं कुणीच नाही.

अरे, 30-40 वर्षं बायकांची ब्लाउजं शिवणाऱ्या बाईला टेपखाली काय आहे ते कळत नाही होय? तिने पाहिलं, विचारलं नाही, आणि मुलाचं केडियू शिवून दिलं. मी तुझ्या आत्याला ओळखत नाही, उद्या ती घाबरेल, रडेल, "तुझ्या बापाला काय सांगू" म्हणेल, हे सगळं होऊ शकतं. पण त्या नळ्यांची वही कुणाच्या हातात द्यायची ह्याचं उत्तर मला तुझ्या पत्रात तेवढ्या एकाच ठिकाणी दिसलं. आईबाबांना नंतर सांगू, कदाचित तिच्या तोंडूनच जाईल, बाबांची मोठी बहीण आहे म्हणतोस, तिचं वजन असेलच.

भाऊबीजेला नको जाऊस, घर भरलेलं असेल. दिवाळीनंतर एखाद्या दुपारी जा. ऑपरेशन, हॉर्मोन, डब्ल्यूपॅथ काहीही काढू नकोस पहिल्या दिवशी. दारातून आत शिरताना मराठीत म्हण, "आत्या, आलो गं." एवढंच. "आले" नाही, "आलो". मग बघ ती काय करते, चहा टाकते का दार लावून घेते.

आणि केडियू बरोबर ने. सातव्या रात्री पडलास त्यात काखेत कुठेतरी उसवलं असेलच, ती शिवायला घेईल, आणि हातात सुई असली की खाली मान घालून बोलता येतं, दोघांनाही. एक्सरे मात्र त्याच्या आधी काढ.